खिडकी मोठी झाली, चौकट लहानच राहिली

संगणकाच्या पडद्यावरील खिडकी कोपऱ्याला धरून ओढली की ती मोठी होते, हे आता शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु खिडकी वाढली तरी आतील तक्ता होता तेवढाच राहतो आणि त्याच्या सभोवती नुसती मोकळी जागा पसरते, असाही अनुभव पुष्कळांस येतो. हा दोष यंत्राचा नसून मांडणी करणाराच्या विचाराचा आहे, असे आमचे मत आहे. त्याची झळ मराठी वाचकासही लागते, म्हणून त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

जावा या भाषेतील स्विंग या साधनसंचाचे उदाहरण घेऊ. तो १९९८ साली जावाच्या १.२ या आवृत्तीबरोबर आला. त्यात खिडकीच्या पोटात पॅनेल नावाच्या चौकटी असतात, त्या चौकटींत आणखी चौकटी आणि सर्वांत आत बटने, तक्ते व मजकूर. प्रत्येक चौकटीस मांडणीचा एक नियम नेमून दिलेला असतो. आपल्याला किती जागा हवी हे प्रत्येक घटक आपल्या चौकटीस सांगतो व ती चौकट आपली एकूण गरज बाहेरच्या चौकटीस कळविते. अशा रीतीने मागणी आतून बाहेर जाते, तर जागेचे वाटप बाहेरून आत होते. खिडकी ओढली की हे वाटप नव्याने करावे लागते.

कालव्याचे पाणी पाटांतून शेतापर्यंत जाते, पण वाटेतील एक दार बंद असले तर पुढचे शेत कोरडेच राहते. येथेही तसेच घडते. स्विंगच्या खिडकीचा मूळ नियम ‘बॉर्डरलेआउट’ हा होय. तो कडेच्या घटकांस लागेल तेवढी जागा देऊन उरलेली सर्व जागा मधल्या घटकास देतो. नव्या पॅनेलचा मूळ नियम मात्र ‘फ्लोलेआउट’ असतो. तो मागितली तेवढीच जागा देतो व बाकीची रिकामी ठेवतो. तक्ता अशा पॅनेलमध्ये ठेवला की खिडकीची वाढ त्या पॅनेलपाशीच अडते. त्या पॅनेलला बॉर्डरलेआउट देऊन तक्ता मध्यभागी बसविला की बंद दार उघडते.

हे दार शोधण्याऐवजी काही जण नियमच काढून टाकतात आणि प्रत्येक घटकाचे स्थान व आकार पिक्सेलच्या आकड्यांनी कायमचे ठरवितात. याने काम लवकर होते व चित्र मनासारखे दिसते, असे ते म्हणतात. ते खरेही आहे. पण केवळ त्यांच्या पडद्यावर आणि त्यांच्या भाषेत. इंग्रजी ‘सेव्ह’ या आखूड शब्दाच्या मापाने बेतलेल्या बटनात ‘जतन करा’ मावत नाही. देवनागरीत मात्रा व वेलांट्या वर जातात, उकार खाली उतरतात. उंची आखडून बांधलेली ओळ त्यांना छाटून टाकते. मग भाषांतरकार योग्य शब्द सोडून आखूड शब्द शोधू लागतो. शब्दाची निवड अर्थावरून व्हावयाची, ती बटनाच्या रुंदीवरून होते! दृष्टी अधू झाल्यामुळे अक्षर मोठे करून वाचणाऱ्या वृद्धाचीही हीच अडचण आहे.

याचा अर्थ प्रत्येक वस्तू ताणावी असा नव्हे. खिडकीएवढे रुंद बटन हास्यास्पद दिसेल, आणि ओळ फार लांबली तर पुढच्या ओळीचा आरंभ शोधताना डोळा चुकतो. कोणी वाढावे, कोणी आपल्या मापात राहावे आणि कोणास निदान किती जागा मिळालीच पाहिजे, हे ठरविणे हेच मांडणीचे खरे काम होय. घटकांतील संबंध माणसाने सांगावे व स्थाने यंत्राने शोधावी, ही रीत इव्हान सदरलँड यांनी १९६३ सालीच आपल्या ‘स्केचपॅड’ या आज्ञावलीत दाखवून दिली होती.

म्हणून विद्यार्थ्यांनी आकडे लिहिण्यापूर्वी चौकटींतील नाते कागदावर मांडावे. मग खिडकी ओढून पाहावी, अक्षर दुप्पट करून पाहावे आणि इंग्रजीच्या जागी मराठी शब्द घालून पाहावा. या तीन कसोट्यांस जी मांडणी उतरेल, तीच सर्वांच्या उपयोगाची.