वन्संना नावं ठेवणं सोपं आहे

गेल्या महिन्यात एका मुंजीला गेले होते. जेवणं आटोपल्यावर आम्हा बायकांचा अड्डा जमला आणि विषय निघाला 'उंच माझा झोका'चा. माझ्या एका भाचीने ती मालिका म्हणे आता फोनवर पहिल्यापासून बघायला घेतली आहे. डोळे पुसत (खरंच पुसत!) ती म्हणाली, "मावशी, काय तो नवरा! तेही त्या काळात! छळ केला तो घरातल्या बायकांनीच. बायकाच बायकांच्या शत्रू, दुसरं काय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुंजीच्या घरी वाद नको म्हणून मी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, तेव्हा हे लिहायला बसले आहे. भाचीबाई, तू हे वाचशीलच. रागावू नकोस.

आधी कबुली देते. २०१२ साली झी मराठीवर ही मालिका सुरू झाली तेव्हा मीही ती नेमाने बघत होते. विरेन प्रधानांनी काम मनापासून केलं होतं. नऊवारी, वाड्यातला चौक, 'इकडून' आणि 'वन्सं' ही भाषा, सगळं गोड वाटायचं. तेजश्री वालावलकरने केलेली छोटी रमा तर घराघरात लाडकी झाली होती. आमच्या सोसायटीतल्या आज्या 'आमची रमा' असंच म्हणायच्या.

आणि इथेच माझी पहिली तक्रार आहे. ती रमा अकरा वर्षांची होती हो! १८७३ साली लग्न झालं तेव्हा महादेवराव एकतीस वर्षांचे होते. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणारा मुलगा आता एखाद्या विधवेशी लग्न करील, या धास्तीने वडिलांनी घाईने ही कुमारिका आणली, आणि महादेवरावांनी वडिलांचं ऐकलं. मी आयुष्यभर पाचवी-सहावीच्या वर्गांना शिकवलं. अकरा वर्षांची मुलगी म्हणजे काय ते मला विचारा. डबा सांडला म्हणून रडते ती. आपण मात्र चहा पीत पीत 'किती गोड!' म्हणत ते लग्न बघितलं. माझाही त्यात समावेश आहे.

न्यायमूर्ती मोठे होतेच, त्यांना कमी लेखण्याची माझी प्राज्ञा नाही. त्यांनी बायकोला स्वतः शिकवलं, सभेत उभं केलं, मुलींच्या हायस्कुलासाठी खटपट केली. १८८४ साली हुजूरपागा सुरू झाली ती त्यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी. मला राग येतो तो आपल्या हिशेबाचा. घरात जे चांगलं झालं ते पुरुषाच्या खात्यावर आणि जे वाईट झालं ते बायकांच्या, हा कुठला जमाखर्च?

आता वन्संकडे येते. दुर्गा, म्हणजे न्यायमूर्तींची सख्खी बहीण, तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आलेली. देशभर विधवाविवाहाची बाजू मांडणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात ती विधवा म्हणूनच राहिली. समोर काल आलेली भावजय पाटी-पुस्तक घेऊन बसते, मग इंग्रजी शिकते, सभांना जाते. त्या बाईच्या पोटात काय कालवत असेल? ती कडवट बोलली असेल, नव्हे बोललीच. पण रीत तिने घातली नव्हती. तीच त्या रीतीखाली आधी चिरडली गेली होती.

हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या घरी आत्याआजी होती.

माझ्या वडिलांची आत्या. लाल आलवण, केशवपन केलेलं डोकं, सोवळं असं की मांजराला स्पर्श झाला तरी पुन्हा अंघोळ. १९६४ साली मी सातवी पास झाले. पुढची शाळा तालुक्याला, आमच्या कोकणातल्या गावापासून दीड तासाची पायवाट. आत्याआजीने घर डोक्यावर घेतलं. "मुलीच्या पायाला चाकं लावताय, पस्तावाल!" वडिलांनी तिचं ऐकलं नाही, मला पाठवलं. सगळं गाव म्हणालं, किती पुढारलेला बाप! मीही पुढे कितीतरी वर्षं तेच सांगत आले. शाळेच्या निरोप समारंभाच्या भाषणातसुद्धा सांगितलं. आत्याआजीची नक्कल करून लोकांना हसवलंही.

१९७१ मध्ये ती गेली. तेरावा झाल्यावर ओटीवर बसून वडिलांनी एक गोष्ट सांगितली. ती तेराव्या वर्षी विधवा झाली तेव्हा गावातल्या एका मास्तरांनी पणजोबांना सुचवलं होतं, पोरीला हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमात पाठवा, शिकेल. पणजोबा म्हणाले, "मग घरचं सोवळ्यातलं कोण बघणार?" बस्स, एवढंच. ती दाराआड उभी राहून ऐकत होती. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं तिने ते सोवळ्यातलं बघितलं. दोन वेळच्या पंगती, श्राद्धपक्ष, घरातल्या प्रत्येक सुनेचं बाळंतपण. पगार नाही, सुट्टी नाही, नाव नाही.

आणखी एक गोष्ट तर मला फार उशिरा, माझी स्वतःची गुडघेदुखी सुरू झाल्यावर लक्षात आली. मी शाळेला जायला लागले तेव्हा माझ्या वाटणीचं विहिरीचं पाणी कोण काढत होतं? आई तर धाकट्या भावंडांत अडकलेली. सत्तरी उलटलेली आत्याआजी रहाट ओढायची. तोंडाने शिव्या देत, पण ओढायची. वडिलांच्या पुढारलेपणाची किंमत तिच्या खांद्यांनी भरली आणि माझ्या गोष्टीत खलनायिका तीच!

म्हणून विचारते, रमाबाई अभ्यासाला बसल्या की त्या मोठ्या घरातलं त्यांच्या वाटचं काम कोण उचलत असेल? कुठलीही मालिका हे दाखवत नाही. भांडण दाखवायला सोपं असतं. एक बाई डोळे वटारते, दुसरी रडते, जाहिराती लागतात. ज्या व्यवस्थेत ते भांडण होतं ती कॅमेऱ्यात मावत नाही, आणि तिचा कर्ता पुरुष दिवाणखान्यात वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो.

दुसरी गोष्ट. रमाबाईंचं पुस्तक, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', १९१० साली आलं. ते न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी, म्हणजे १९०१ पाशी थांबतं. त्या मात्र थांबल्या नाहीत. पुढे तेवीस वर्षं जगल्या, आणि कसल्या जगल्या! १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. १९०९ साली पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. ज्या विधवांना घरी फक्त चूल होती, त्यांना तिथे शिकवून शिक्षिका, परिचारिका केलं. पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायची वेळ आली तेव्हा पैसे नाहीत, आधी मुलगेच घेऊ, असं काही पुढारी म्हणू लागले. रमाबाई बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. मुंबई इलाख्यात १९२१ साली बायकांना मताचा हक्क मिळाला, त्या लढ्यातही त्या पुढे होत्या. हे सगळं करताना शेजारी उभा राहून हात धरणारा कोणी नव्हता.

पण आपल्या डोक्यात रमाबाई म्हणजे नवऱ्यासमोर पाटी घेऊन बसलेली ती गोड मुलगी. पन्नास-साठ वर्षांची, कपाळ मोकळं, मागण्या मांडणारी रमाबाई कुणालाच 'आमची' वाटत नाही.

त्या मुंजीच्या दिवशी सगळ्या जणी गप्पा मारत असताना भाचीची सासू आत दुसऱ्या पंगतीची पानं वाढत होती. मीही उठले नव्हते, हेही लिहून ठेवते.

असो. भाचीबाई, रमाबाईंचं पुस्तक माझ्याकडे आहे. बांधणी सुटली आहे, जपून वाचावं लागेल. पुढच्या वेळी आलीस की घेऊन जा. येताना सासूबाईंनाही आण, मला त्यांच्याशी बोलायचं आहे.