वेताळाचा प्रश्न, दूरदर्शनचे उत्तर

मुलांची आवडती अद्भुतकथा पडद्यावर आणताना तिच्यातले काय जपावे? अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त गुंफलेल्या वेताळकथांवर रामानंद सागर यांनी १९८५ साली दूरदर्शनसाठी ‘विक्रम और बेताल’ ही हिंदी मालिका केली. ती मी अलीकडे मोबाईलवर पाहिली. अरुण गोविल यांचा विक्रम आणि सज्जन यांचा पांढऱ्या केसांचा वेताळ मला आवडला. तक्रार एवढीच, की वेताळाने प्रश्न टाकताच राजा उत्तर देऊन मोकळा होतो.

पुस्तकातही उत्तर लगेच असते; पण वाचणारा पान झाकू शकतो, सांगणारा थांबू शकतो. भुदरगड तालुक्यातल्या आमच्या गावी माझी निरक्षर आजी नेमकी प्रश्नापाशी थांबायची. “आता तू सांग बघू!” उत्तर दुसऱ्या दिवशी. तोवर भांगलायला आलेल्या बायकाही वादात उतरत. त्या वादात शिकलेला आणि अडाणी असा भेद नसे. मालिकेनेही उत्तर पुढच्या भागावर ठेवले असते, तर घराघरांत असाच वाद रंगला असता.

मित्रहो, शेवटच्या प्रश्नाला विक्रमाला उत्तर सुचत नाही. तो गप्प राहतो आणि त्या मौनावरच वेताळ प्रसन्न होतो! गाईडमधली तयार उत्तरे पाठ करणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी यावर विचार करावा. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्याला वर्गात ‘मला येत नाही’ म्हणायची फार लाज वाटते. उद्या कुणी ही कथा मराठीत पडद्यावर आणली, तर चमत्कार थोडे कमी चालतील. पण प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मुलांना विचार करायला जागा ठेवावी.