आधी नेम, मग मॅग्नम

मोठ्या शिकारीला कोणती मॅग्नम रायफल उत्तम, हा वाद छात्रांत नेहमी रंगतो. माझे मत सरळ आहे: जिचा धक्का तुमचा खांदा शांतपणे झेलतो, ती.

मॅग्नम म्हणजे मोठे काडतूस, जास्त दारू, जास्त वेग आणि तेवढाच जबर धक्का. १९१२ साली आलेली .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम सुमारे १९ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ७५० मीटर वेगाने फेकते. आफ्रिकेत रानरेड्यासाठी ती योग्यच. तिथे कारखान्यात बनलेली, प्रचलित काडतुसाची रायफल घ्यावी, कारण गोळ्या सहज मिळतात.

पण धक्क्याची भीती बसली, की घोडा दाबण्याआधीच डोळे मिटतात. गोळी भरकटते आणि जखमी जनावर रानात तडफडत राहते. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली जिम कॉर्बेट यांनी .२७५ रिग्बीने टिपला. ती मॅग्नम नव्हती.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. सुखना अभयारण्यातले सांबर दुर्बिणीतूनच पाहायचे. नेमबाजीची हौस मात्र रेंजवर भागते. याच चंडीगड परिसरातल्या अभिनव बिंद्राने २००८ साली एअर रायफलवर ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली.२२ रायफलवर कांस्य.

छात्रांनो, ५० मीटरवर .२२ च्या दहा गोळ्या लिंबाएवढ्या जागेत बसवून दाखवा. मॅग्नमची चर्चा त्यानंतर खुशाल करू.