१॥ शहाण्यांची देवनागरी

देवनागरी ही उच्चारानुसारी लिपी आहे, तीत अख्ख्या शब्दासाठी वेगळे चिन्ह लागत नाही, & सारख्या खुणा ही रोमन लिपीची लाचारी होय, असे आमच्याच मराठी विभागांतून वर्षानुवर्षे सांगितले जाते. त्याच विभागांत एखाद्या विद्यार्थ्याने 'हळू२' लिहिले की तांबड्या शाईत 'मोबाइलची भाषा' असा शेरा पडतो. द्विरुक्त शब्द एकदाच लिहून पुढे दोनाचा आकडा घालण्याची रीत जुन्या पोथ्या लिहिणाऱ्यांची आहे, हे शेरा मारणाऱ्यांच्या गावीही नसते. मुळात २ म्हणजे तरी काय? त्यात द नाही, न नाही. मराठी माणूस त्याला 'दोन' म्हणतो, हिंदी भाषक 'दो'. हे शब्दचिन्ह नव्हे तर काय?

यावर ॐ पुढे केला जातो. चिन्ह पवित्र शब्दालाच लाभते, असा त्यातला गर्भितार्थ. आम्हांस हे मान्य नाही. पावित्र्याने चिन्ह मिळत असते तर वारकऱ्यांनी विठ्ठलाला ते केव्हाच दिले असते. ॐ पवित्र आहे खरा. पण तो मंत्रामंत्राच्या आरंभी लिहावाही लागे. शब्दाला चिन्ह मिळते ते लिहिणाऱ्या हाताच्या कंटाळ्यातून. लॅटिनमधील 'एत्' म्हणजे 'आणि'; त्याची दोन अक्षरे एकमेकांत गुंतून & झाले, ते भराभर लिहिणाऱ्यांच्या हातून. मराठीत असे चिन्ह घडले नाही, यात देवनागरीची थोरवी नाही. फारसीतून आलेला 'व' एका अक्षरात काम भागवीत होता. कारकुनाला आणखी काय हवे?

जिथे भागत नव्हते तिथे मात्र आपल्या लोकांनी चिन्हे घडविली. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। सव्वा, १॥ दीड, २॥ अडीच; आण्यांसाठी आणखी बारीक रेघा. आता गंमत पाहावी. 'दीड' हा द्व्यर्धाचा आणि 'अडीच' हा अर्धतृतीयाचा झिजलेला अवतार आहे. बाजारात रोज उच्चारून हे शब्द जिभेवर झिजले, रोज लिहून वहीत रेघांवर आले. ही सगळी एकाच वापराची झीज. भाषाशास्त्राच्या तासाला आम्ही पहिली झीज 'ध्वनिपरिवर्तन' म्हणून शिकवितो, दुसरीला आळस म्हणतो.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढे मापेही दशमान झाली, आणि या रेघांचे रोजचे काम संपले. त्यांना कोणा शुद्धिवाद्याने घालविले नाही. २०१० साली सरकारने ₹ स्वीकारला तेव्हा आपल्याकडे केवढे कौतुक झाले! ते योग्यच होते. पण आधीच्या वर्षी, २००९ मध्ये, पाव, अर्धा, पाऊण यांच्या उत्तर भारतीय चिन्हांना युनिकोडमध्ये जागा मिळाली होती, त्याची वार्ता मराठी विभागांत कितीशी पोहोचली?

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. वर्गात एका जुन्या पत्रातील '२॥ रुपये' एम. ए.च्या विद्यार्थिनीने 'दोन रुपये' असे वाचले. रेघा तिला श्लोकाखालच्या दंडासारख्या वाटल्या. तिचा दोष नाही. तिला ते कोणी सांगितलेच नव्हते. एका पुनर्मुद्रणात तर २॥ चे २११ झालेले आम्ही पाहिले आहे. अडीच रुपयांचे कर्ज दोनशे अकरांवर नेणारा संपादक त्या माणसाच्या दारिद्र्यावर प्रस्तावनेत काय लिहिणार?

तेव्हा हस्तलिखितांच्या अभ्यासात ॐच्या गूढार्थावर जेवढा वेळ खर्ची पडतो, त्याचा ०। तरी वाणसामानाच्या वहीला द्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.