गलाथियाचे मुख वाचवा

ग्रेट निकोबारच्या डोंगरांतून दक्षिणेकडे वाहणारी गलाथिया नदी इंदिरा पॉइंटजवळ, देशाच्या दक्षिण टोकाशी, समुद्राला मिळते. नेमक्या तिच्या मुखावर मालवाहू जहाजांचे अवाढव्य बंदर उभारण्याचा घाट घातला गेला आहे. जोडीला विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवे नगर. या प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्यासाठी १३० चौरस किलोमीटर जंगल जाईल. सरकारच्याच अंदाजाने साडेनऊ लाखांहून अधिक झाडे तुटतील. हे आताच थांबवले पाहिजे.

बेटावरची नदी आखूड असते. गाळ निवळायला तिच्याजवळ लांबरुंद मैदाने नसतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस उतारावरचे सदाहरित जंगलच अडवून धरते. ते तुटले की माती थेट मुखाजवळच्या गलाथिया उपसागरात, प्रवाळांवर जाऊन बसणार. तोडीची भरपाई म्हणून हरियाणात झाडे लावून हा उतार कसा सावरणार?

मुखाशी वाळूची पुळण आहे. जगातील सर्वांत मोठे समुद्री कासव, लेदरबॅक, तेथे अंडी घालते. २००४ च्या भूकंपात बेटाचे दक्षिण टोक सुमारे सव्वाचार मीटर खचले, त्सुनामीने पुळण गिळली. काही वर्षांत वाळू पुन्हा साचली आणि कासवे परतली. बंदराचे बांध आणि गाळउपसा यांनी वाळूची ही ये-जाच तुटेल. शिवाय जी जमीन एका सकाळीत एवढी खचली, तिच्यावर हजारो कोटी ओतणे हा कुठला शहाणपणा?

तरीही २०२१ मध्ये गलाथिया उपसागराचा अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. बेटावरच्या आदिवासी परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकल्पाला दिलेली आपली संमती मागे घेतली. तिचे म्हणणे बाजूला पडले. बाहेरच्या जगापासून दूर राहणाऱ्या शोंपेन आदिवासींचे तर सारे जगणेच या जंगलावर आणि ओढ्यांवर उभे आहे.

देशाच्या संरक्षणाची गरज खरी आहे. पण त्यासाठी कॅम्पबेल बे येथे २०१२ पासून नौदलाचा ‘आयएनएस बाझ’ तळ आहे. व्यापारी बंदरासाठी सुरक्षेची ढाल पुढे करू नये.

सरकारने वृक्षतोड रोखावी, सर्व अभ्यास-अहवाल खुले करावेत आणि आदिवासींच्या संमतीविना एक पाऊलही टाकू नये. या बेटावर वसवलेल्या माजी सैनिकांत मराठी कुटुंबेही आहेत. महाराष्ट्राच्या खासदारांनी हा प्रश्न याच अधिवेशनात संसदेत मांडावा.