‘लाइव्ह’ म्हणजे नक्की काय?

कॉन्सर्टच्या तिकिटाला हल्ली हजारो रुपये मोजावे लागतात. पण स्टेजवर बॅकिंग ट्रॅक आणि ऑटोट्यून असेल, तर आपण नेमकं कशाचे पैसे देतो? डीप पर्पलच्या ‘मेड इन जपान’ची नवी आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा आठवला.

रिमिक्स स्टीव्हन विल्सनचा, रेकॉर्डिंग मात्र १९७२चं. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाका, १७ला टोकियोचं बुडोकान. जपानी कंपनीला फक्त तिथल्या चाहत्यांसाठी अल्बम हवा होता, बँड फारसा उत्सुकही नव्हता. पण मार्टिन बर्चने केलेलं रेकॉर्डिंग इतकं जमून आलं, की अल्बम जगभर निघाला.

तीन रात्रींतून सात गाणी निवडली, पण नंतर स्टुडिओत बसून त्यात काही भरलं नाही. ‘स्पेस ट्रकिन’ स्टुडिओत साधारण साडेचार मिनिटांचं, इथे जवळपास वीस. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये गिलनचा आवाज आणि ब्लॅकमोरची गिटार यांची चक्क जुगलबंदी रंगते.

जुना माल नव्या पॅकिंगमध्ये विकणं हा कंपन्यांचा धंदा आहे, हे खरंच. तरी ही रेकॉर्ड एकदा ऐकाच. मग पुढचं तिकीट काढण्याआधी एवढंच विचारा: हा बँड आज रात्री जे वाजवणार, ते कालच्यापेक्षा जरा तरी वेगळं असेल का?