मल्ल आणि वस्ताद

पहिल्या पानावरील अग्रलेखाने राज्यकारभाराविषयी बोलावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. आज आम्ही एका पैलवानाविषयी बोलणार आहो. विषय तरीही राज्यकारभाराचाच आहे, हे लेख संपण्यापूर्वी वाचकांच्या ध्यानी येईल अशी आम्हांस आशा आहे.

हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांचा जन्म १९३५ साली शिराळ्याकडील पुनवत या गावी झाला. शिराळ्याचा मुलूख त्या वेळी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणजे आंदळकर जन्माने सातारचे आणि गावाने सांगलीचे. दोन्ही जिल्ह्यांनी त्यांच्यावर हक्क सांगावा आणि तो खराही असावा, असा हा योग आहे. नाव मात्र झाले कोल्हापूरचे, कारण तालीम कोल्हापूरची. वारणाखोऱ्यातील पोराने अंगावरच्या कपड्यांनिशी कोल्हापूर गाठावे, मोतीबागेच्या किंवा गंगावेशीच्या लाल मातीत लोळावे आणि गावच्या जत्रेत फेटा बांधून परत यावे, हा या भागाचा जुना क्रमच आहे.

१९६० साली पंजाबच्या खडकसिंगास हरवून ते हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत त्यांनी ग्रीको-रोमन पद्धतीत सुवर्णपदक आणि मुक्त पद्धतीत रौप्यपदक मिळविले. त्याच सामन्यांत सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी नेमके उलट केले. त्यांना मुक्त पद्धतीत सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळाले. एकाच जिल्ह्यातील दोन गावांनी एका आशियाई स्पर्धेतून चार पदके आणावीत, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असावयास हवी होती. १९६४ साली आंदळकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उतरले.

येथे थोडे थांबावयास हवे. ग्रीको-रोमन पद्धतीत कमरेखाली पकड घालता येत नाही, पायाचा उपयोगही करता येत नाही. आपली मातीतील कुस्ती तर अर्धीअधिक पायांवर चालते. पट काढणे, टांग लावणे, एकेरी-दुहेरी पटात शिरणे हे ज्याच्या हाडीमांसी मुरले आहे, त्याने परदेशच्या गादीवर ते सर्व विसरून केवळ छाती, खांदे आणि कमर यांच्या बळावर सुवर्ण जिंकावे, हे नुसत्या ताकदीचे काम नव्हे. अंगवळणी पडलेले बाजूला सारून नवे शिकण्याची बुद्धी त्याला लागते. आमच्या मते आंदळकरांचे पुढील सारे आयुष्य या एका गुणातून उलगडते. ज्याला स्वतःचे शिक्षण मोडून पुन्हा मांडता येते, त्यालाच दुसऱ्यास शिकविता येते.

अंगातली उमेद उतरल्यावर पैलवानापुढे फारसे मार्ग नसतात. खुराक तोडता येत नाही, कारण शरीराला सवय जडलेली असते. फडावरची बिदागी मात्र तुटते. कोणी शेतीकडे वळतो, कोणी पुढाऱ्यामागे फिरतो, पुष्कळांच्या वाट्यास सांधेदुखी आणि विस्मरण येते. आंदळकरांनी मोतीबागेतच वस्तादकी पत्करली आणि पोरांना पहाटे उठविण्याचे, त्यांच्या जोर-बैठका मोजण्याचे, कोणाची जोड कोणाशी आणि केव्हा लावावी हे ठरविण्याचे काम वर्षानुवर्षे केले. शेवटचे हे काम सर्वांत अवघड. कच्च्या पोरास वर्षभर आधी मोठ्या जोडीत सोडले तर तो कायमचा मोडतो आणि गावकरी, आप्त व वर्गणीदार यांची घाई तर नित्याचीच असते. दादू चौगुले हे त्यांच्या हाताखालचे. १९७० आणि १९७१ अशा लागोपाठच्या दोन वर्षी ते महाराष्ट्रकेसरी झाले आणि १९७४ च्या राष्ट्रकुल सामन्यांत त्यांनी रौप्यपदक आणले.

जगात अन्यत्र या दुसऱ्या आयुष्यास मोठी प्रतिष्ठा आहे. फुटबॉलचा खेळाडू बूट उतरवितो आणि संघाचा व्यवस्थापक होतो, तेव्हा त्याचे नाव खेळाडू असतानापेक्षाही मोठे होऊ शकते. ॲलेक्स फर्ग्युसन हा स्कॉटलंडच्या मैदानांवरील एक बरा आघाडीवीर होता. जगाला तो ठाऊक आहे १९८६ पासून २०१३ पर्यंत मँचेस्टर युनायटेड चालविणारा म्हणून. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर प्रदीपकुमार बॅनर्जी यांचे घ्यावे. जाकार्त्याच्या ज्या सामन्यांत आंदळकर जिंकले, त्याच सामन्यांत दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने फुटबॉलचे सुवर्ण मिळविले आणि त्यांतील एक गोल बॅनर्जींचा होता. पुढे त्यांनी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही संघांना शिकविले. १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला पाच गोलांनी हरविले, हे कलकत्ता अजून विसरलेले नाही. एकाच वर्षी एकाच गावाहून सुवर्ण घेऊन परतलेले हे दोन खेळाडू. दोघेही शिक्षक झाले. बंगालमध्ये शिक्षकाचे नाव सामन्याच्या वृत्तान्तात येत असे. आमच्याकडे वस्तादाचे नाव सत्काराच्या पत्रिकेत येते, तेही पुढाऱ्यांच्या नावांखाली.

उत्तम खेळाडू उत्तम शिक्षक होतोच, असे मात्र नाही. आमची काही वर्षे शाळेत फळ्यासमोर गेली आहेत. पदवी परीक्षेत पहिला आलेला सहकारी वर्गात पोरांना जांभया आणवीत असल्याचे आणि जेमतेम उत्तीर्ण झालेला मनुष्य व्याकरणासारखा रुक्ष विषय गोष्टीसारखा सांगत असल्याचे आम्ही पाहिले आहे. म्हणून गदा मिळविलेल्या प्रत्येकास वस्ताद नेमावे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या ठिकाणी तो गुण आहे त्याला तो वापरण्याची सोय असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ती सोय नसली म्हणजे काय होते, ते शेजारच्या कऱ्हाड तालुक्यात पाहावे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांना परकी होती; तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे अपुरे पडले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यावयास १९९६ साल उजाडावे लागले. या दीर्घ काळात, गादीवर ऑलिंपिक पदक कसे मिळवितात हे स्वानुभवाने जाणणारा एकच मनुष्य देशात होता. तो १९५५ पासून पोलिसांत नोकरी करीत होता. खात्यातील खेळाडूंना त्याने शिकविले, हे खरे. पण साऱ्या राज्याची पोरे त्याच्या हाती द्यावीत, अशी शाळा कोणी उभी केली नाही. १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला तोही त्यानंतर सोळा वर्षांनी.

दिल्लीने वेगळे केले. १९८२ च्या आशियाई सामन्यांत सुवर्ण मिळविणारे सतपाल हे आमच्या मैदानांना चांगले परिचित. हरिश्चंद्र बिराजदारांशी झालेली त्यांची लढत जुने शौकीन अजून रंगवून सांगतात. त्याच सतपालना दिल्लीत छत्रसाल स्टेडियम हे सरकारी क्रीडांगण शिकविण्यास मिळाले आणि २००८ पासून २०२४ पर्यंतच्या प्रत्येक ऑलिंपिक पर्वात नसले तरी बहुतेकांत तेथे घडलेल्या मल्लाने पदक आणले. त्याच आवारात २०२१ साली एका तरुण मल्लाचा मारहाणीत जीव गेला, हेही येथे नमूद केले पाहिजे. पदके आली म्हणजे तालमीचे शील आपोआप राखले जाते, अशा भ्रमात कोणी राहू नये. महाराष्ट्रास मात्र खाशाबांनंतर कुस्तीचे एकही ऑलिंपिक पदक नाही. दुसरे वैयक्तिक पदक आले ते २०२४ साली, बाहात्तर वर्षांनी आणि तेही नेमबाजीत, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांचे.

पैलवान कमी झाले, हे कारण कोणी सांगू नये. कुंडलच्या मैदानावर आजही माणूस मावत नाही. २०२२ साली साताऱ्यास महाराष्ट्रकेसरीची गदा फिरली आणि २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्रकेसरी स्पर्धा होऊन सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. ज्या तालमीचा उंबरा मुलीने ओलांडू नये असा दंडक होता, तेथे आता मुली शिकू मागत आहेत. त्यांना शिकविणार कोण? त्यांच्यासाठी निराळी राहण्याची जागा, निराळी वेळ आणि स्त्री-प्रशिक्षक हवी. जुन्या वस्तादाच्या भल्या मनावर हे सोपवून भागणार नाही.

सरकार विजेत्यास रोख बक्षीस देते, नोकरीही देते. त्यास आमचा विरोध नाही. पण नोकरीत घेतलेल्या पैलवानास बंदोबस्तावर उभे करण्यापेक्षा, ज्याला शिकविता येते त्याला शिकविण्याच्या कामावर का पाठवू नये? सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील प्रत्येक तालुका क्रीडा संकुलात पगारी वस्तादाची एक जागा निर्माण करावी. पतियाळाच्या संस्थेचे प्रमाणपत्र नाही म्हणून वीस वर्षे माती उकरलेल्या मनुष्यास नाकारू नये. त्याला गादीचे नियम, आहार व दुखापती यांचा अभ्यासक्रम मराठीतून आणि जवळच्या गावी द्यावा. आंदळकर ज्या वयात गादी शिकले, त्या वयाचे शेकडो मल्ल आज या दोन जिल्ह्यांत आहेत. खर्च किती येईल, हे हिशेबनिसांनी सांगावे. एका मोठ्या मैदानाच्या मंडपाशी तो ताडून पाहावा, एवढीच आमची सूचना आहे.

गणपतराव आंदळकर १६ सप्टेंबर २०१८ रोजी वारले. ते गेल्यावर सुमारे तेरा महिन्यांनी दादू चौगुलेही गेले. शिष्यानेही मोतीबागेत वस्तादकीच केली होती. आता पुनवतीहून, गोळेश्वराहून किंवा कवठेपिरानहून एखादे पोर पहाटेच्या एस. टी. ने निघाले, तर त्याला हाती धरणारा मनुष्य कोणत्या तालमीत, कोणत्या पगारावर बसलेला असेल, याचे उत्तर आम्हांस क्रीडाखात्याकडून हवे आहे. अर्थसंकल्पाचे अधिवेशन हे ते देण्याचे ठिकाण आहे.